ट्रॅक्सस स्पार्टन: ८०चा वेग आणि त्यामागची धुणीपुसणी

ट्रॅक्ससची स्पार्टन ही ३६ इंची, म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर लांबीची, रिमोटवर चालणारी डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची) बोट. तीन सेलचे दोन लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पॅक सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडले की २२.२ व्होल्ट होतात आणि कंपनी ताशी ८० किलोमीटरच्या पुढचा वेग सांगते. या वेगात शंभर मीटरचं तळं साडेचार सेकंदांत संपतं, म्हणून पाणी मोठं, गोडं आणि निवांत हवं. जलपर्णी असलेल्या तलावाकडे तर फिरकूच नये. बोट देखणी आहे, दमदार आहे. मात्र बोट पळवली त्या दिवशी शेवटी अर्धा तास ग्रीसमध्ये हात घालायचा कंटाळा असेल, तर पैसे वाया.

बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. दोन्ही पॅक एकाच क्षमतेचे आणि बरोबर घेतलेले असावेत. एक थकलेला असला की तो आधी रिकामा होतो, दुसरा त्याला ओढत राहतो आणि थकलेला फुगतो. पॅक पुढेमागे सरकवूनच बोटीचा तोल जुळतो. वजन फार पुढे गेलं तर नाक पाणी कापत राहतं आणि वेग मरतो. फार मागे गेलं तर नाक उड्या मारतं आणि समोरचा वारा लागला की बोट उलटते. मूळ स्पार्टन स्वतःहून सुलटी होत नाही, त्यासाठी एसआर (सेल्फ-रायटिंग) आवृत्ती पाहावी. पळताना बोट एका अंगाला कलत असेल तर त्याच बाजूचा ट्रिम टॅब (बोटीच्या मागच्या टोकाची छोटी पट्टी) केसभर खाली करावा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

खरी मेख फ्लेक्स शाफ्टमध्ये आहे. मोटर आणि पंखा (प्रोपेलर) यांच्यामधली ही पिळाची तार नळीतून फिरते. भार आला की पीळ घट्ट होऊन ती आखूड होते. म्हणून पंख्यापुढचा ड्राइव्ह डॉग (पंख्याला फिरवणारा शाफ्टवरचा तुकडा) आणि स्ट्रट (शाफ्टला मागे आधार देणारा भाग) यांच्यात २-३ मिलिमीटर फट ठेवावीच लागते. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो, बुशिंग (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) तापतं, आणि दोष मात्र मोटरला दिला जातो. दिवसाचं काम आटोपल्यावर कॉलेट (मोटरच्या बाजूला शाफ्ट धरणारी पकड) सैल करून शाफ्ट मागून ओढून काढावा, पुसावा, मरीन ग्रीस लावून परत बसवावा. साधं ग्रीस पाण्यात धुऊन जातं. पुसताना एखादा तुटका धागा बोटाला टोचला तर शाफ्ट बदलायचाच. तो पुढच्या फेरीत तुटणार.

थंडाव्याचं पाणी मागून आत येऊन मोटर आणि कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) यांच्यामधून फिरतं आणि बाजूच्या भोकातून चिळकांडी मारत बाहेर पडतं. चिळकांडी दिसेनाशी झाली की लगेच काठावर आणावं. बहुतेक वेळा पाणी आत येण्याच्या तोंडाशी शेवाळ अडकलेलं असतं; सिरिंजने उलट दिशेनं पाणी मारलं की निघतं. झाकण लावताना नळी दुमडली जाणं हे दुसरं कारण. फेरीनंतर मोटर इतकी तापली असेल की हाताचं बोट तिच्यावर पाच सेकंद टेकवत नाही, तर पंख्यात काही गुंतलंय का ते पाहा. मासेमारीची नायलॉन दोरी डोळ्यांना दिसतही नाही.

सुरुवातीला टायमर ४ मिनिटांचा ठेवावा. ५००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे क्षमतेचं माप) पॅकमध्ये चार्जरने ४००० पेक्षा जास्त परत भरले तर वेळ कमी करावी. ठेवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास हवा. पूर्ण भरलेले पॅक आठवडाभर कपाटात ठेवणं हा त्यांना मारायचा सोपा मार्ग आहे.

आधी रिमोट चालू, मग बोट. बंद करताना बरोबर उलट. पाण्यात सोडण्यापूर्वी मात्र एकदा, पंखा मोकळा ठेवून, मुद्दाम आधी रिमोट बंद करून पाहा: मोटर थांबलीच पाहिजे. घरी आल्यावर ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) काढून, झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळवावी. रिसीव्हरच्या (रिमोटचे संदेश घेणाऱ्या भागाच्या) डब्याच्या ओ-रिंगखाली (रबरी कडीखाली) वायर चेपली असेल तर आत ओल शिरते, आणि पावसाळ्यात ती आठवडाभर हटत नाही.

खाडीच्या पाण्यात चालवू नये. मीठ बेअरिंग खातं. पहिल्या ऑर्डरमध्येच एक जादा शाफ्ट आणि पंख्याचा नट घ्या, सुटे भाग जवळच्या दुकानात सहसा मिळत नाहीत.