बक्षीसपत्र की मृत्युपत्र: म्हातारपणाच्या सोयीसाठी काय बरे?

साताऱ्याकडे आईवडिलांच्या सांभाळाची बोलणी बहुधा सातबाऱ्यावर येऊन थांबतात, आणि घर आताच बक्षीसपत्राने मुलांच्या नावावर करावे की मृत्युपत्र करून ठेवावे, असा प्रश्न उभा राहतो. बक्षीसपत्र नोंदवावेच लागते आणि मालकी हयातीतच जाते. पुढे मन बदलले तरी ते सहजी फिरवता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, प्रांत कचेरीतल्या न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. म्हणून ती अट दस्तातच स्पष्ट लिहावी. माझ्या आत्याच्या दस्तात ‘प्रेमापोटी’ एवढाच शब्द होता, आणि औषधांची पिशवी मांडीवर घेऊन प्रांत कचेरीच्या बाकावर बसलेली ती मी पाहिली आहे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि ते हयातीत कितीही वेळा बदलता येते. मात्र त्याने आजच्या औषधपाण्याची सोय होत नाही. त्यासाठी कोण किती खर्च उचलणार, हे मुलांशी बोलूनच ठरवावे लागते. माझा कल मृत्युपत्राकडे आहे. बक्षीसपत्र करायचेच झाले, तर निदान राहत्या खोलीचा तहहयात हक्क त्यात राखून ठेवावा.