'स्कॉलरशिपसह पीएचडी'ची हमी देणाऱ्या कन्सल्टन्सीचा अनुभव

परदेशात पीएचडी करायची म्हणून कुणी कन्सल्टन्सीकडे जाणार असाल, तर पैशांचं बोलण्याआधी एवढं विचारा: अर्जाच्या पोर्टलवर ईमेल कुणाचा टाकणार? माझ्या सगळ्या अर्जांवर त्यांचा होता. विद्यापीठांचे मेल स्पॅममध्ये जातात, तारखा हुकतात, म्हणून आम्ही प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळं अकाउंट उघडतो, असं त्यांनी सांगितलं होतं. पासवर्ड मागितला की 'संबंधित मॅडम रजेवर आहेत'. अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट यायचा, त्यावर 'अंडर रिव्ह्यू'. झालं, एवढीच काय ती माहिती.

शिफारसपत्रांची तारीख जवळ आली तेव्हा मी गाईड मॅडमना आठवण करायला फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, मला पत्र अपलोड करायची विद्यापीठाची कुठली लिंक आलेलीच नाही." स्क्रीनशॉटमध्ये मात्र सगळी पत्रं 'रिसीव्ड' दिसत होती. म्हणजे पत्रं लिहिली कुणी?

मग मी कन्सल्टन्सीला न विचारता विद्यापीठांच्या अ‍ॅडमिशन ऑफिसना स्वतःच्या ईमेलवरून लिहिलं. सोबत अर्ज क्रमांक आणि पासपोर्टची प्रत जोडली. त्यांनी खात्री करून घेतली आणि अर्जावरचा ईमेल बदलून दिला. पोर्टल उघडलं तर शिफारस करणाऱ्यांच्या रकान्यात मॅडमचं नाव, आणि पुढे कुणालाही फुकट उघडता येतं तसलं एक मेल अकाउंट. त्यात मॅडमच्या आडनावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं! लिंक त्या पत्त्यावर गेली आणि कन्सल्टन्सीतल्याच कुणीतरी मॅडमच्या नावानं पत्र ठोकून दिलं. हा प्रकार विद्यापीठाच्या लक्षात आला तर शिक्षा कन्सल्टन्सीला होत नाही, अर्जदाराला होते. प्रवेश झाल्यानंतरही तो रद्द होऊ शकतो. जिथे जिथे असं पत्र गेलं होतं, ते अर्ज मी मागे घेतले. मॅडमना हे सांगताना काय वाटलं ते लिहीत नाही.

खरा संताप झाला तो पोर्टलवरचा इनबॉक्स पाहून. युरोपातल्या एका प्राध्यापकांचा ऑनलाइन मुलाखतीसाठी मेल येऊन पडला होता. उत्तर नाही म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं होतं. शेवटी जागा दुसऱ्याला दिल्याचा मेल. तिन्ही मेल उघडून वाचलेले होते.

हे त्यांनी का दाबलं असेल, ते आता कळतं. फी भरणारा विद्यार्थी मिळवून दिला की अनेक विद्यापीठं एजंटला कमिशन देतात. फंडिंग असलेल्या पीएचडीत विद्यापीठच विद्यार्थ्याला पैसे देतं, तिथे एजंटच्या हाती काय लागणार? अमेरिकेत विज्ञान-इंजिनीअरिंगच्या पीएचडीला बहुतेक चांगल्या विभागांत ट्यूशन माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत पीएचडीला शिक्षण शुल्कच नसतं. स्वीडन, नेदरलँड्समध्ये पीएचडीची जागा बहुधा पगारी नोकरीच असते. जाहिरात निघते आणि उमेदवार थेट अर्ज करतो. अशी जागा 'मिळवून देणं' एजंटच्या हातात नसतंच. प्राध्यापक किंवा विभागाची समिती तुमचं काम बघून निवड करते.

मला त्यांनी काय आणून दिलं? ज्या विद्यापीठाचं नाव माझ्या यादीत कधी नव्हतंच, तिथलं ऑफर लेटर. त्यावर ठळक अक्षरांत 'स्कॉलरशिप'. खालचा मजकूर वाचला तर भल्यामोठ्या फीमध्ये थोडीशी सूट, बाकी सगळी फी आणि राहण्याचा खर्च माझा. स्टायपेंडचा उल्लेखही नाही. वर 48 तासांत डिपॉझिट भरा, नाहीतर सीट जाईल, असा फोनवर फोन. सही करण्याआधी मी विद्यापीठाला थेट विचारलं, तेव्हा पत्रातली मुदत कितीतरी पुढची निघाली. अमेरिकेत तर कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावात सामील असलेल्या विद्यापीठांकडून फंडिंगसह ऑफर आली, तर 15 एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधनही नसतं. फंडिंग नसलेल्या ऑफरला तो नियम लागू नाही, पण घाई कोण करतंय हे तरी बघा.

यंदा सगळे अर्ज मीच भरतेय. ज्यांचे पेपर खरोखर वाचलेत अशाच प्राध्यापकांना मेल करते, आणि त्यांच्याकडच्या सध्याच्या विद्यार्थ्यांनाही विचारते: स्टायपेंड किती वर्षांचा, गाईड भेटतात का. विद्यार्थी बऱ्यापैकी मोकळेपणानं उत्तरं देतात. हे कुठलाही एजंट सांगणार नाही.

कन्सल्टन्सीकडे पैसे परत मागितले आहेत. त्यांनी करारातलं कलम दाखवलं. बोलताना शंभरदा 'फुल फंडिंग' म्हणाले होते, करारात मात्र तो शब्दच नाही. 'किमान एक ऑफर लेटर' एवढंच लिहिलंय. आणि ऑफर लेटर तर आलंच होतं, असं त्यांचं उत्तर आहे. बनावट शिफारसपत्रांबद्दल विचारलं, त्या मेलला अजून उत्तर नाही.