२० विधानं की ६ गोष्टी?

बंदरावर राबणाऱ्या मावशींचा नैतिक कल जाणून घ्यायचा, तर दोन चाचण्यांपैकी कोणती निवडावी? "कुणाला इजा होईल असं कधीच वागू नये, पटतं?" हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चाललेला असताना असं विचारलं, तर नाही कोण म्हणेल? मानसशास्त्रज्ञ डोनेल्सन फोर्सिथ यांच्या १९८० च्या नैतिक भूमिकांच्या प्रश्नावलीतली मेख हीच. तिच्यात २० विधानं आहेत: १० आदर्शवादाची (कुणालाही इजा होऊ नये), १० सापेक्षतावादाची (बरं-वाईट परिस्थितीनुसार ठरतं). दोन्हींचे गुण मांडले की माणसं चार गटांत विभागतात. भरायला सोपी, काही मिनिटांचं काम.

दुसरे मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांची चाचणी वेगळंच मोजते, माणूस नैतिक पेचाचा विचार कसा करतो ते. मूळ चाचणीत अशा पेचांच्या ६ छोट्या कथा, प्रत्येकीखाली १२ मुद्दे, त्यांतले महत्त्वाचे चार क्रमाने लावायचे. भारदस्त पण निरर्थक मुद्देही मुद्दाम पेरलेले असतात. नुसती छाप पाडू पाहणारा त्यांत सापडतो. ही युक्ती मला फार आवडते. पण वाचन खूप. पहाटेपासून राबलेल्या मावशींना ते जड जाईल.

आपल्याकडचा पेच घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडीच्या कर्जाचा हप्ता मात्र चालूच. अशा वेळी जाळं टाकलं तर? इथे 'परिस्थितीनुसार' हा शब्द जिवंत होतो, विधानात तो कोरडाच राहतो.

म्हणून मी फोर्सिथ निवडेन, पण विधानं बोलीत वाचून दाखवेन आणि शेवटी ही बंदीची गोष्ट सांगेन. तिला गुण द्यायचे नाहीत, उत्तर फक्त ऐकून लिहून घ्यायचं.