चिंगीचं पायोमेट्राचं (गर्भाशयात पू होतो त्या आजाराचं) ऑपरेशन, क्लिनिकचा अनुभव आणि नंतरचे बारा दिवस

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव इथे लिहीत नाहीये. मला जाहिरात करायची नाही, काय बघून क्लिनिक निवडायचं ते सांगायचंय. आम्ही नाशिकला राहतो आणि हे क्लिनिक आमच्यापासून वीस मिनिटांवर.

आमची चिंगी साडेसात वर्षांची, साधी गावठी कुत्री. स्पेइंग, म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढायचं ऑपरेशन, दरवर्षी पुढे ढकललं गेलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. जूनमध्ये तिची हीट, म्हणजे माजाचे दिवस, होऊन गेली आणि महिनाभराने ती इतकं पाणी प्यायला लागली की दिवसातून चारदा भांडं भरावं लागायचं, रात्री दोन-दोनदा उठून दाराशी उभी राहायची, जेवण अर्ध्यावर आलं. खालून पू, रक्त काहीच दिसत नव्हतं म्हणून आम्हाला वाटलं पावसाळ्यात पोट बिघडलं असेल. तिसऱ्या दिवशी दोनदा उलटी झाली तेव्हा नेलं.

डॉक्टर मॅडमनी हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, शेवटची हीट कधी झाली? पाणी कधीपासून जास्त पितेय?" लगेच सोनोग्राफी, आणि गर्भाशय पूने भरलेलं. गर्भाशयाचं तोंड बंद असलं की पू बाहेर येतच नाही, आतल्या आत विष पसरत जातं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही म्हणजे ठीक आहे असं समजू नका. ऑपरेशन त्याच संध्याकाळी. पण त्याआधी रक्ततपासणी, त्यात किडनी, लिव्हर आणि प्लेटलेट सगळं. प्लेटलेट का तर आपल्याकडे गोचीड तापाने त्या बऱ्याचदा कमी झालेल्या असतात, आणि ते न बघता पोट उघडलं तर रक्त थांबणं अवघड होऊ शकतं. चार तास सलाईन आणि अँटीबायोटिक देऊन मगच टेबलवर घेतलं. भूल श्वासनलिकेत नळी घालून गॅसवर, शेजारी ठोके आणि ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर. तुम्ही जिथे जाल तिथे हे दोन प्रश्न नक्की विचारा, रक्त तपासता का आणि भूल कशी देता. विचारलेलं ज्यांना आवडत नाही तिथे मी तरी जाणार नाही.

हे इतकं का लिहितेय, तर चार वर्षांपूर्वी आमच्या बोक्याला दुसरीकडे कॅस्ट्रेशनला (नसबंदीला) नेलं होतं आणि तिथे अर्धवट भुलेतच "घरी जाऊन येईल शुद्धीवर" म्हणून हातात दिलं. रिक्षात त्याचे कान आणि पंजे बर्फासारखे गार पडले होते, मी अंगातला स्वेटर काढून त्यात गुंडाळला, घरी आल्यावर तो धडपडत कॉटवर चढला आणि खाली पडला. वाचला, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

इथे चिंगी स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत सोडलं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पाठीशी होती, उघडी पिशवी लावू नका, भुलेत त्यांना चटका कळत नाही. मॅडमनी तिचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबून दाखवला, जागा पांढरी झाली आणि सोडल्याबरोबर परत गुलाबी. "असं लगेच गुलाबी व्हायला हवं. हिरडी पांढरट वाटली तर रात्री कितीही वाजता फोन करा." ती एक गोष्ट शिकल्यामुळे पहिल्या रात्री मी दर तासाला ओठ उचलून बघू शकले, नुसती रडत बसले नाही. भूल उतरताना ती बराच वेळ कण्हत होती, ते प्रत्येक वेळी दुखण्यामुळेच असतं असं नाही हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

घरी देताना मराठीत लिहिलेला कागद. पहिल्या रात्री दोन-चार चमचेच, मऊ भात आणि चिकनचं नुसतं पाणी, कांदा-लसूण अजिबात नाही. जिना नाही, सोफा नाही, शू-शी पट्ट्यावर. टाके सकाळ-संध्याकाळ बघायचे, सूज, वास, पाणी. आणि ठळक अक्षरात, माणसांची दुखण्याची गोळी द्यायची नाही. शेजारच्या काकू प्रेमानेच पॅरासिटामॉल देऊ म्हणत होत्या, पण मांजरीचा तर त्याने जीव जातो आणि कुत्र्यालाही आयब्युप्रोफेन घातक. रात्री नऊला क्लिनिकमधून फोन आला, खाल्लं का, शू केली का, टाक्यांतून काही येतंय का. असा फोन सलग तीन दिवस.

आता तक्रार. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो कोन क्लिनिकमधल्या मुलाने अंदाजाने दिला. तो नाकाच्या पुढपर्यंत यायला हवा, हा दोन बोटं मागेच होता. तिसऱ्या दिवशी चिंगीने मान वळवून टाके चाटले, खालचे दोन टाके लाल झाले. परत नेलं, ड्रेसिंगचे पैसे घेतले नाहीत, मोठा कोन दिला, पण माप आधीच घ्यायला हवं होतं.

ऑनलाइन मागवलेल्या रिकव्हरी सूटबद्दल, म्हणजे टाके झाकणाऱ्या अंगभर कपड्याबद्दल, पण सांगते. पोटाच्या टाक्यांना चांगला, झोप कोनापेक्षा शांत लागते. पण दर वेळी शूला नेताना मागची बटणं सोडावी लागतात, एकदा विसरलं की ओला, आणि पावसाळ्यात वाळत नाही. दोन घेतलेत तरच उपयोग, नाहीतर मुलीचा जुना सुती टीशर्ट, पुढचे पाय बाह्यांतून आणि कंबरेवर गाठ, तेवढ्यात काम भागतं. एकटी सोडायची असेल तेव्हा मात्र कोनच.

टाके बाराव्या दिवशी काढले. औषधं, तपासण्या, सोनोग्राफी सगळं धरून साडेअठरा हजार झाले, पावती प्रत्येक गोष्टीची वेगळी. पाचपैकी साडेचार, तो अर्धा कोनाचा. आता पाण्याचं भांडं दिवसातून एकदाच भरते मी, आणि रात्री ती सलग झोपते.