पंप खोलण्याआधी चाके फिरवून पाहणारे वर्कशॉप

आमचा चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे पोचवण्याचा घरगुती व्यवसाय असून त्यासाठी २००९ सालची, एमएच १३ क्रमांकाची बोलेरो पिकअप गाडी आम्ही आजही वापरतो. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रमाग कारखान्यांतून माल उचलायचा आणि तुळजापूर, पंढरपूर, बार्शी किंवा विजयपूरच्या दुकानदारांकडे तो उतरवायचा, एवढेच तिचे काम आहे. पूर्वी लिटरला तेरा किलोमीटरच्या आसपास जाणारी ही गाडी गेल्या दोन वर्षांत घसरत घसरत ९.४ वर आली. डिझेल लिटरमागे ९० रुपयांच्या पुढे गेलेले आणि महिन्याला सुमारे २,४०० किलोमीटरची फेरी, अशा स्थितीत हा आकडा भाड्यातून सुटणारा सगळा नफा खाऊन टाकत होता. त्यावर उपाय शोधताना ज्या वर्कशॉपमध्ये आमचे काम झाले, त्याचा अनुभव मी येथे मांडत आहे.

वर्कशॉपला नावाची पाटी नाही. औद्योगिक वसाहतीच्या थोडे अलीकडे, टायरच्या दुकानांच्या रांगेमागे असलेल्या पत्र्याच्या शेडच्या शटरवर पिवळ्या रंगात फक्त ‘पंप-नोझल’ (म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारी तोटी) एवढेच लिहिलेले आहे, आणि ट्रकवाल्यांना तेवढे पुरते. मालक स्वतः मिस्त्री असून हाताखाली दोन मुले आहेत. आमच्यासारख्या यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाड्या हे त्यांचे मुख्य काम. सोलापूर शहरात मुंबई-पुण्याच्या बरोबरीने २०१० सालीच भारत स्टेज ४ हे वाहनांच्या धुराचे मानक लागू झाल्यामुळे त्यानंतर येथे नोंदलेल्या बऱ्याच गाड्या संगणकावर तपासाव्या लागतात. आमची गाडी त्या आधीची असल्याने तिचे दुखणे अजून कान, हात आणि डायल गेज यांनी कळते. कॉमन रेलच्या, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाने डिझेल सोडणाऱ्या, गाड्या हे मिस्त्री घेत नाहीत आणि तसे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला डिझेल पंप पूर्ण उतरवून दुरुस्त करण्याचा २८,००० रुपयांचा अंदाज मिळाला होता आणि तोही बॉनेट न उघडता. त्यामुळे मी येथे आलो तो ‘पंप खोला’ असे सांगण्याच्या तयारीनेच. मिस्त्रींनी ते ऐकून घेतले आणि उलट विचारले, “मालक, किलोमीटर कशावरून मोजता?” मीटरवरून, असे मी सांगितले. तेव्हा त्यांनी सर्वप्रथम मागच्या टायरवरचा आकार वाचला आणि मूळ टायरपेक्षा तो मोठा असल्याचे दाखवून दिले. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर मात्र जुन्याच हिशेबाने मोजत राहतो. तुळजापूर रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी पडताळून पाहिल्यावर ३० किलोमीटरला आमचा मीटर २९ दाखवत असल्याचे आढळले. म्हणजे आमचे ९.४ हे प्रत्यक्षात ९.७ होते. फरक किरकोळ आहे. परंतु घटीचा काही भाग मुळात झालाच नव्हता आणि आपण थेट पंप उतरवायला निघालो होतो, हे कळून मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

मोजणीची पद्धतही त्यांनी आम्हाला घालून दिली. एकाच पेट्रोल पंपावर, एकाच मशीनवर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंतच टाकी भरायची, त्याच मार्गावर साधारण तेवढ्याच वजनाने किमान ४०० किलोमीटर चालवायचे आणि पुन्हा तशीच टाकी भरून लागलेल्या लिटरने अंतराला भागायचे. टाकी शिगोशिग भरण्याचा हट्ट केला तर प्रत्येक वेळी लिटर-दोन लिटरचा घोळ होतो आणि सगळा हिशेब वाया जातो. प्रत्येक दुरुस्तीनंतर ही चाचणी वेगळी घ्यावी, म्हणजे कोणत्या खर्चाने काय मिळाले ते कळेल, असा त्यांचा आग्रह होता. व्यवसायाच्या दृष्टीने तो त्यांच्या तोट्याचा होता, कारण एकाच दिवशी सगळी कामे उरकून एकच मोठे बिल करणे त्यांना सहज शक्य होते.

पहिली दुरुस्ती इंजिनाची नव्हतीच. गाडी जॅकवर घेऊन मिस्त्रींनी मागची चाके हाताने फिरवून पाहिली. उजवे चाक दोन-तीन फेरे फिरले आणि डावे अर्ध्या फेऱ्यात अडकले. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरचा (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन गंजून अडकलेला आणि हँडब्रेकची केबल आत चिकटून परत न येणारी अशी दोन्ही दुखणी एकत्र सापडली. गाडी गेले कित्येक महिने अर्धवट ब्रेक लावलेल्या अवस्थेत चालत होती आणि पिकअप वजन उचलते म्हणून तिचे जड चालणे आम्हाला स्वाभाविक वाटत होते. लांबच्या फेरीनंतर चारही चाकांच्या रिमजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावा आणि एखादे चाक इतरांपेक्षा ठळकपणे गरम लागले तर ते अडकते आहे असे समजावे, ही साधी परीक्षा मला आजवर कोणीच सांगितली नव्हती. सिलिंडर, केबल आणि मजुरी मिळून २,६५० रुपये झाले आणि पुढच्या चाचणीत गाडी १०.८ वर आली. सर्व कामांत सर्वांत मोठी उडी हीच.

दुसरे दुखणे आमच्याच जुन्या शहाणपणातून आलेले होते. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर जातो आणि काही वर्षांपूर्वी इंजिन तापू लागले तेव्हा एका कारागिराच्या सल्ल्याने आम्ही थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच काढून टाकला होता. असे करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. या व्हॉल्व्हचे काम इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देण्याचे असते. तो नसला की पाणी सतत फिरत राहते आणि विशेषतः हिवाळ्यात, पहाटेच्या फेरीत, इंजिन आपल्या योग्य तापमानाला पोचतच नाही. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहते आणि घर्षण वाढते. आमच्या गाडीचा तापमानाचा काटा कायम तळाशी असे आणि त्याला आम्ही इंजिनाची तब्येत उत्तम असल्याची खूण समजत होतो! तापण्याचे खरे कारण रेडिएटरमध्ये होते. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतल्याने क्षार साचून आतल्या नळ्या निम्म्या बुजल्या होत्या. रेडिएटर साफ करून, नवा थर्मोस्टॅट बसवून आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट भरून १,९०० रुपये खर्च आला. त्याच वेळी नोझलच्या परतीच्या नळीला असलेली बारीक गळती तांब्याचे वायसर बदलून थांबवण्यात आली. चाचणीचा आकडा ११.५.

यानंतर कुठे नोझलची पाळी आली. चारही नोझल काढून हातपंपाच्या टेस्टरवर एकेक लावून त्यांनी मला समोर उभे केले, आणि हा भाग मी कोणत्याही गाडीमालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची शिफारस करीन. चांगले नोझल ठरलेल्या दाबाला ‘चर्र’ असा आवाज करत धुक्यासारखा फवारा सोडते आणि दाब उतरताच कोरडे राहते. आमच्या चारांपैकी दोन धार सोडत होती आणि नंतर त्यांच्या टोकाला थेंब लोंबत होता. तो थेंब जळत नाही, त्याचा धूर होतो. टोके बदलून चारही नोझल एकाच दाबावर आणणे, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि पंपाचे टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) तपासणे या सर्वांचे ५,३०० रुपये झाले. पंप उघडला गेला नाही, कारण टायमिंग योग्य होते आणि पंपातून गळतीही नव्हती. गाडी १२ वर आली. पीयूसीच्या यंत्रावर धुराचा आकडा ५८ वरून ३१ एचएसयूवर (धुराची घनता मोजण्याचे एकक) उतरला. भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांसाठी मर्यादा ६५ आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आम्ही आधीही उत्तीर्णच होतो. पीयूसी मिळाली म्हणून इंजिन ठीक आहे असे मानणाऱ्यांत मीही होतो.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिझेलच्या नळीवर बसवायचे, इंधन वाचवण्याचा दावा करणारे एक चुंबक मी १,२०० रुपयांना घेतले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरहून अधिक साधने तपासली आणि मायलेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे एकही तिला सापडले नाही, हे मी ते विकत घेतल्यानंतर वाचले. मिस्त्रींनी ते काढून आपल्या हत्यारांच्या फळीवर चिकटवले. “स्क्रू धरायला चांगलं आहे, मालक,” एवढाच अभिप्राय त्यांनी दिला. ते अजून तिथेच आहे.

गाडी परत देताना त्यांनी आमच्या चालकमामांना दहा मिनिटे बाजूला बसवले, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे कोणत्याही बिलात नाहीत. मामा तुळजापूरचा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करत असत. डिझेल वाचते अशी त्यांची पक्की समजूत होती. प्रत्यक्षात गिअरमध्ये असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि पंपाचा गव्हर्नर (डिझेलचे प्रमाण ठरवणारा भाग) डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल लागतच राहते, शिवाय सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. दुसरा विषय वेगाचा. माल उतरवून रिकामे परत येताना मामा ८५-९० ने येत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पिकअपचा चौकोनी पिंजरा, त्यावर फडफडणारी ताडपत्री, हा आकार हवेला मुळीच मानवत नाही. पेट्रोलियम संवर्धनासाठी १९७८ पासून काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्थाही ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा वेग सर्वांत किफायतशीर मानते. राष्ट्रीय महामार्गावर इतके हळू जाणे व्यवहार्य नाही आणि काही वेळा धोक्याचेही ठरते, म्हणून आम्ही ६० ची मर्यादा ठरवली आणि रिकाम्या फेरीत ताडपत्री घडी करून आत ठेवण्याचा नियम केला. मामा सुरुवातीला नाराज होते. पंढरपूरच्या ७० किलोमीटरच्या फेरीला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात, पण त्या महिन्याची सरासरी १२.६ आली आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च झाला नव्हता. टायरमधील हवा दर सोमवारी सकाळी, टायर थंड असताना, पाहण्याची सवय त्याच वेळी लागली.

एकूण खर्च ९,८५० रुपये झाला. ९.७ ला महिन्याला सुमारे २४७ लिटर डिझेल लागे, आता १९० लागते, म्हणजे दरमहा पाच हजारांहून अधिक रुपये वाचतात आणि दुरुस्तीची रक्कम दोन महिन्यांत वसूल झाली.

उणिवाही आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. एका दिवसात होईल असे सांगितलेले नोझलचे काम अडीच दिवस चालले, आणि त्या काळात भाड्याची गाडी लावून दोन फेऱ्या करण्याचा भुर्दंड आम्हाला पडला. बिल पहिल्यांदा कागदाच्या चिठोऱ्यावर मिळाले. जीएसटीचे रीतसर बिल दोनदा मागावे लागले. बसायला सावली नाही, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभे राहणे ही शिक्षाच आहे. फोन उचलला जाईलच याची खात्री नसल्यामुळे प्रत्यक्ष जाऊन नंबर लावणे बरे, आणि तेही सकाळी नऊच्या आत. याउलट काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी तांब्याची वायसरेसुद्धा, त्यांनी पिशवीत घालून परत दिली. अशी पिशवी मला आजवर फार थोड्या ठिकाणी मिळाली आहे.

व्हील अलाइनमेंटचे यंत्र त्यांच्याकडे नाही. आमची गाडी अजून थोडी डावीकडे ओढते आणि पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड झिजते आहे. ते काम दुसरीकडे करून घ्या आणि त्यानंतर पुन्हा टाकी भरून मोजा, असे त्यांनीच सांगितले आहे. ती चाचणी दिवाळीच्या मालाची गर्दी ओसरल्यावर घेण्याचे आम्ही ठरवले आहे.