सातपाटी बंदरावरचं पापलेट: भाव कमी करत नाहीत, आणि करूही नये

पालघर, बोईसर, विरार साइडला राहणाऱ्या आणि मनापासून मासे खाणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. पालघरजवळच्या सातपाटी या मासेमारी बंदराला जाऊन आलेल्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते, की एवढं बंदरापर्यंत गेलो तरी पापलेट काही स्वस्त मिळालं नाही, बायका भाव करूच देत नाहीत. मी तिथे बरीच वर्षं मासे घेतेय आणि मला विचाराल तर हीच तिथली सगळ्यात भारी गोष्ट आहे. का ते सांगते, जरा लांब होईल.

आधी मालाबद्दल. पापलेट एक नंबर, यात वादच नाही. गणपती-नवरात्राच्या आसपास जा, सीझन नुकताच सुरू झालेला असतो आणि माल असा मिळतो की घरी आणल्यावर मसाल्याची गरजच नाही, मीठ, हळद, चिंचेचा कोळ आणि वरून तांदळाचं पीठ, बस्स. ताजं कसं ओळखायचं हे मला तिथल्याच एका मावशीने दाखवलं, तिने पापलेट उचललं, कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबलं आणि पांढरं दुधासारखं पाणी बाहेर आलं, म्हणाली हे बघ, हे पांढरं आलं ना की बिनधास्त घे, लालसर आलं तर ठेव तिथेच. कल्ला उघडूनही दाखवला, लालभडक. आता हे मी शहरातल्या कुठल्याही मार्केटात करते आणि निम्म्या वेळा मासेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. घरपोच मासे देणाऱ्या एका ॲपवरून मी मध्यंतरी "सातपाटी पापलेट" म्हणून मागवलं होतं, आलं ते बर्फात इतके दिवस पडलेलं की तव्यावर टाकल्या टाकल्या सुटलं, आणि पैसे मात्र बंदरापेक्षा जास्त.

आता भावाचं. सातपाटीत मच्छीमारांच्या दोन जुन्या सहकारी संस्था आहेत, एक सर्वोदय आणि एक विविध कार्यकारी, गावात नुसतं सोसायटी म्हणतात. सीझनच्या तोंडावर मच्छीमार संस्थांची माणसं व्यापाऱ्यांसोबत बसतात आणि पापलेटचे दर ठरवतात, वजनाप्रमाणे, म्हणजे अर्ध्या किलोच्या वरचं ते सुपर, मग एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असं खाली. सभासदाच्या बोटीचा माल आला की प्रतवारी होते, वजन होतं आणि ठरलेल्या दराने जातो. बंदरावर टोपली घेऊन बसलेली बाई जो भाव सांगते ना, त्याच्या मागे हा दर उभा असतो. मी एकदा नेहमीच्या सवयीने शंभर रुपये कमी करा म्हटलं तर समोरून शांतपणे उत्तर आलं, "सोसायटीत इचारून ये, मग बोल." मला ते फार आवडलं. रागावून नाही म्हणाली ती, तिला खरंच माहिती होतं की हा आकडा तिच्या एकटीचा नाही.

ज्यांना यात काय एवढं असं वाटतं त्यांनी एकट्या बोटवाल्याचा विचार करा. बोट काही दिवस समुद्रात राहून परत येते, आतला बर्फ वितळत चाललेला, डिझेलचा खर्च डोक्यावर, खलाशांचे पैसे द्यायचेत, आणि माल असा की उद्यापर्यंत ठेवला तर किंमत निम्मी. समोर व्यापारी निवांत उभा. त्यात त्याच व्यापाऱ्याकडून जाळ्यासाठी नाहीतर इंजिनासाठी उचल घेतलेली असली तर संपलंच, तो म्हणेल तो भाव. एकटा माणूस तिथे बोलणार काय? म्हणून सोसायटी. तिच्यामार्फत बर्फ, डिझेल, कर्जाची कागदपत्रं, डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा, ही सगळी कंटाळवाणी वाटणारी कामं होतात आणि त्यातूनच माणूस व्यापाऱ्यासमोर मान वर करून उभा राहू शकतो. मच्छीमारांचा एकत्र आवाज म्हणतात तो मोर्चात असतोच, पण माझ्या मते तो आधी त्या दरपत्रकात असतो.

आणि हा आवाज नुसता पैशांसाठी नसतो हेपण सांगायला हवं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ६१ दिवस. पालघर किनाऱ्यावरचे मच्छीमार कितीतरी वर्षं सांगतायत की १ ऑगस्टला बोटी सोडू नका, पिल्लं वाढायला अजून वेळ द्या, बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्या. म्हणजे ज्यांचं पोट त्यावर आहे तेच म्हणतायत आमचा धंदा अजून पंधरा दिवस बंद ठेवा! एलईडी लाइट लावून मासेमारी करण्यावर २०१७ मध्ये केंद्राने बंदी आणली, पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, यामागे छोट्या मच्छीमारांच्या संघटनांनी केलेला आरडाओरडा होता, आणि तरीही रात्री समुद्रात लाइट दिसतात म्हणून त्यांचं ओरडणं अजून चालूच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, तीपण मच्छीमारांचीच मागणी होती. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी साइज ठरवून दिली, त्यापेक्षा लहान पकडायचे नाहीत.

इथे आपला, म्हणजे गिऱ्हाइकाचा, संबंध येतो. तळहाताएवढंसुद्धा नसलेलं पापलेट "स्वस्तात मस्त" म्हणून घेणारे आपणच आहोत. ते वाढलं असतं तर सुपरमध्ये गेलं असतं. मी छोटं घेणं पूर्ण बंद केलंय आणि तुम्हीपण करा, हे हात जोडून सांगते.

सगळं छान छान आहे असं नाही. मच्छीमार संस्था म्हटलं की सभासद बहुतेक बोटमालक, म्हणजे पुरुष. मासा बोटीतून उतरला की पुढचं सगळं बाया बघतात, निवडणं, सुकवणं, टोपल्या डोक्यावर घेऊन पालघरपर्यंत नाहीतर लोकलने मुंबईपर्यंत जाणं, पण जिथे निर्णय होतात तिथे त्या फार कमी दिसतात. बोटीवरचे खलाशी, त्यातले बरेच आदिवासी पाड्यांवरचे, त्यांचं म्हणणं कोण मांडतं? बंदराचा एकत्र आवाज म्हणताना ही माणसं त्यात आली पाहिजेत असं मला फार वाटतं. बंदरावर बसणाऱ्या बायकांना डोक्यावर धड सावली आणि जवळ स्वच्छ संडास, एवढं तरी ज्याचं काम आहे त्याने करावं, उन्हात चार-चार तास बसतात त्या.

आणि खाडी. सातपाटी-मुरबे खाडीत गाळ इतका साचलाय की ओहोटीला बोट आत येऊच शकत नाही, भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं, आणि तेवढा वेळ बर्फ वितळतच असतो. गाळ काढा ही मागणी किती जुनी आहे हे तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारा.

डहाणूजवळ होणाऱ्या मोठ्या मालवाहू वाढवण बंदराचं तर सगळ्यांना माहितीच आहे. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन. या किनाऱ्यावरच्या गावांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला, मानवी साखळ्या केल्या, कोर्टात गेले, तरी प्रकल्प पुढे गेला. पापलेटचा दर एकत्र बसून ठरवता येतो पण ज्या समुद्रात ते पापलेट मिळतं त्याचं काय करायचं हे ठरवताना यांना तितकं ऐकलं जात नाही, हे बघून खूप वाईट वाटतं. प्रकल्प हवा की नको यावर तुमचं मत काहीही असू दे, पण ज्यांची जाळी तिथे पडतात त्यांना आधी विचारायला हवं की नको? एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा दिला, तेपण अशाच मागण्या लावून धरल्यामुळे, त्यामुळे बोलून उपयोग होत नाही असंही म्हणता येत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. पालघर स्टेशनला वेस्टला उतरा, एसटी किंवा शेअर रिक्षा मिळते. घड्याळ बघून जाऊ नका, भरती कधी आहे ते बघून जा, कारण बोटी तेव्हाच आत येतात. थर्माकोलचा डबा आणि बर्फ स्वतःचा न्या. मासा साफ करून हवा असेल तर कापणाऱ्या बायका वेगळ्या असतात, त्यांचे पैसे वेगळे द्या आणि त्यात तरी घासाघीस करू नका. पापलेट परवडत नसेल त्या दिवशी बोंबील घ्या, मांदेली घ्या, ताजी मिळाली तर त्यांच्यासारखं काही नाही. थंडी-उन्हाळ्यात गेलात तर वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूच्या मांडवावर, बोंबील सुकत घातलेले दिसतील, तिथूनच सुके घ्या, पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा या बायकांचं घर त्यावरच चालतं.