आमोस आणि यिर्मया समजून घ्यायचे तर: इस्राएल म्युझियम, जेरुसलेम

मूर्तिपूजेवरचा देवाचा न्याय म्हटले की डोळ्यांपुढे परकी दैवते येतात. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमचा पुरातत्त्व विभाग हा समज मुळापासून हलवतो. आमोस, यिर्मया असे बायबलमधले संदेष्टे ज्यांच्यावर तुटून पडले त्यातल्या कितीतरी वस्तू यहूदा राज्याच्याच घरांतल्या आणि इस्राएलचा देव यहोवा याच्याच उपासनेतल्या होत्या. दालने कालक्रमाने लावली आहेत. वेळ कमी असेल तर कनानचे दालन भरभर ओलांडून थेट राजांच्या काळात शिरावे. माहितीफलकांवर मराठी नाही, म्हणून मराठी बायबल हाताशी हवेच.

सर्वांत जास्त वेळ यहूदाच्या दक्षिणेकडच्या बैर-शेबा या गावाच्या वेदीला द्या. उंची साधारण 1.57 मीटर, चार कोपऱ्यांना चार शिंगे. योहानान अहारोनी यांच्या उत्खननात 1973 मध्ये तिचे दगड एका कोठाराच्या भिंतीत सापडले. वेदी मोडून तिचे दगड बांधकामाला वापरले होते. शिंगांच्या चार दगडांपैकी एकाचे टोक उडवलेले होते. एका दगडावर साप कोरला आहे, तो नजरेतून सुटतो. बाजूला सरकून तिरक्या उजेडात पाहावा. दगड घडीव आहेत, हेही नोंदवा: निर्गम 20:25 मध्ये घडीव दगडांच्या वेदीला मनाई आहे. यहूदाचा राजा हिज्कीया याने जेरुसलेमबाहेरची उपासनास्थळे मोडली, त्या सुधारणेतलीच ही मोडतोड, असे अहारोनींचे मत. ते सगळ्यांना मान्य नाही.

आता तिथेच उभे राहून आमोस 3:14 वाचा: बेथेलच्या वेदीची शिंगे छाटली जातील. जीव वाचवायला माणूस वेदीची शिंगे धरत असे (1 राजे 1:50), आणि पापार्पणाचे रक्त शिंगांनाच लावत (लेवीय 4). शिंगे गेली की आसराही गेला आणि प्रायश्चित्ताची जागाही. पुस्तकात हे वचन पटकन वाचून पुढे जातो आपण. वेदीसमोर ते अंगावर येते.

यहूदातल्या अराद किल्ल्यातल्या मंदिराचा गाभारा जवळच्याच काळातला. दोन धूपवेद्या, सुमारे 52 आणि 40 सेंटिमीटरच्या, आणि मागे उभे दगड. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मोठीवर ऊद आणि प्राण्यांची चरबी, तर धाकटीवर गांजा आणि शेण यांचे अंश मिळाले. यिर्मया 6:20 मध्ये देव विचारतो की शबाहून येणारा ऊद मला कशाला. त्या प्रश्नातला ऊद इथे दगडाला चिकटलेला आहे.

मातीच्या छोट्या स्त्रीमूर्ती मात्र घाईत पाहू नका. खाली भरीव खांब, वर दोन्ही हातांनी धरलेले स्तन. यहूदाच्या घराघरांत अशा शेकडो सापडल्या. त्या अशेरा या कनानी देवीच्या की नाही, यावर वाद आहे. यिर्मया 7:18 सोबत वाचाच: मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बाया आकाशराणी या देवीसाठी पोळ्यांची कणीक मळतात. अख्खे घर त्या पूजेत होते, म्हणूनच न्यायही अख्ख्या घरावर आला.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळीसाठी त्याच आवारातल्या ‘श्राइन ऑफ द बुक’मध्ये जा. मधोमध मांडलेली प्रत नक्कल आहे, 7.34 मीटरची मूळ गुंडाळी उजेडाने खराब होऊ नये म्हणून जपून ठेवली आहे. अर्ध्या लाकडावर मांस भाजून उरलेल्याचा देव घडवणारा सुतार तिच्यातच आहे, 44व्या अध्यायात. ही भेट शेवटी ठेवा. मूर्ती पाहून आल्यावर तो अध्याय अधिक कठोर वाटतो.